उतरणीला लागलेला एनफोर्सर: शेवटची दोन-तीन वर्षं नेमकी कशी जातात?

निळी_रेषा:

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या एनफोर्सरांवर, म्हणजे संघासाठी मारामाऱ्या करणाऱ्या खेळाडूंवर, एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितो आहे. उमेदीच्या काळाचं काही अडत नाही. प्रॉबर्ट, डोमी, ब्रॅशिअर यांच्या मारामाऱ्यांचे व्हिडिओ पोत्याने आहेत. अडतंय ते चौतीस-पस्तिशीनंतरचं. सामन्यात जेमतेम पाच-सहा मिनिटं खेळणारा माणूस संघ कशासाठी ठेवतो, आणि तो नको झाला हे कोणाला, कशावरून कळतं? वेव्हर, मायनर लीग, बायआउट यांचा क्रम कसा असतो? शरीरात आधी काय जातं? आणि वय झालेला गडी तरुणापेक्षा वेगळं लढतो, तर म्हणजे काय करतो?

"वाघ म्हातारा झाला" छापाचं लिखाण नको. नियम, आकडे आणि कारणं हवीत. जाणकारांनी वेळ काढावा.

चौथी_फळी:

आधी पाय जातात, मूठ सगळ्यात शेवटी. एवढं धरून लिहिलंत तर लेख भरकटणार नाही.

एका सामन्यात संघाचे २० जण उतरतात. त्यांत २ गोलरक्षक आणि १८ स्केटर. त्यातले साधारण १२ फॉरवर्ड, म्हणजे तिघातिघांच्या चार फळ्या. एनफोर्सर चौथ्या फळीत. पाऊण मिनिटाची एक शिफ्ट, अशा सात-आठ मिळाल्या की झाली त्याची पाच-सहा मिनिटं. यात कौतुक करण्यासारखं काही नाही आणि कीव करण्यासारखंही नाही, तो त्याचा ठरलेला वाटा आहे.

आता दंडाचा हिशोब, कारण सगळं त्यावर उभं आहे. दोघं राजीखुशीने भिडले तर दोघांना पाच-पाच मिनिटं, आणि बर्फावर पाचास पाच कायम. संघाला काही तोशीस नाही, चौथ्या फळीतला एकेक माणूस बाकावरून दंडाच्या बॉक्समध्ये गेला इतकंच. पण रेफरीने तुम्हाला 'इन्स्टिगेटर' ठरवलं, म्हणजे मारामारी तुम्ही लादलीत असं धरलं, तर पाचाच्या जोडीला दोन मिनिटं वेगळी आणि वर दहा मिनिटांचं मिसकंडक्ट (खेळाडू बाहेर, पण त्याच्या जागी दुसरा उतरतो). ती दोन मिनिटं संघ चौघांवर खेळतो, आणि तिथेच गोल बसतो. शेवटच्या पाच मिनिटांत असं केलं तर सामन्यातून हकालपट्टी, एका सामन्याचं निलंबन, शिवाय कोचला १०,००० डॉलर दंड. इन्स्टिगेटरचा मूळ नियम १९९२-९३ च्या हंगामापासून आहे. म्हणून मुरलेल्या एनफोर्सरची खरी कला ठोसा नसून समोरच्याचा होकार मिळवणं ही आहे. फेसऑफला, म्हणजे पक (रबरी चकती) टाकून खेळ सुरू होताना, उभं राहिल्यावर दोन शब्दांत विचारायचं, हो आलं तर ग्लोव्ह्ज टाकायचे.

वय झालेला माणूस नकारही द्यायला शिकतो. संघ ३-० ने पुढे असेल तर समोरचा कितीही डिवचू दे, भिडायचं नाही. पिछाडीवरच्या संघाला जाग आणायला तो का मदत करेल? संघ मागे असला तर उलट. आणि पन्नास सेकंदांच्या शिफ्टच्या शेवटी दमलेल्या माणसाला गाठणं हे या लोकांत हलकं समजतात.

मग कोचला शंका कधी येते? मारामारी हरल्यावर नाही. फोरचेकला, म्हणजे समोरच्याच्या टोकाला पकवाल्या डिफेन्समनवर धावून जाताना, हा अर्धा सेकंद उशिरा पोचायला लागतो तेव्हा. पक पुढे गेलेला असतो आणि धडक नंतर बसते. तीच धडक तीन वर्षांपूर्वी टाळ्यांची होती, आता ती इंटरफिअरन्स (पक नसलेल्याला अडवणं) किंवा बोर्डिंग (कठड्यावर आपटणं). दोन मिनिटं. असे मायनर दंड वाढले की व्हिडिओ कोचच्या यादीत नाव चढतं.

दुसरा सापळा आयसिंगचा, म्हणजे मधल्या रेषेअलीकडून पक थेट समोरच्या गोलरेषेपार मारण्याचा. २००५-०६ पासून आयसिंग करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. म्हणजे हा थकलेला, आपल्या टोकाला अडकलेला, आणि समोरून ताजी पहिली फळी. घरच्या मैदानावर फेसऑफआधी शेवटचा बदल यजमान कोचच्या हातात असतो, त्यामुळे तिथे म्हाताऱ्याला झाकता येतं. बाहेर समोरचा कोच त्याला शोधूनच काढतो. संघाचे यजमान सामने आणि बाहेरचे सामने वेगळे काढा आणि हा माणूस कुठे बसवला गेला ते बघा. उतरण तिथे आधी दिसते, पेनल्टी मिनिटांत नाही.

हिशोबनीस:

करारांचं मी सांगतो. ताजं आणि स्वच्छ उदाहरण रायन रीव्ह्जचं आहे, तेच घ्या.

जन्म जानेवारी १९८७, विनिपेगचा. जुलै २०२३ मध्ये टोरंटोशी तीन वर्षांचा करार, वर्षाला १३.५ लाख डॉलर. तेव्हा वय ३६. मार्च २०२५ मध्ये त्याला वेव्हरवर टाकलं. त्याआधीची पायरी लक्षात ठेवा: 'हेल्दी स्क्रॅच', म्हणजे दुखापत नसताना सामन्याला बाहेर बसवणं. आधी एखाद्या सामन्याला, मग आलटून पालटून, मग सलग. सराव मात्र रोज. सकाळच्या स्केटला जे उतरणार नसतात ते मागे थांबून जादा स्केटिंग करतात. तुमच्या म्हाताऱ्याचा दिवस तिथे जातो.

वेव्हर म्हणजे २४ तासांची खिडकी. बाकीच्या ३१ संघांपैकी कोणीही त्याला आहे त्या करारासकट उचलू शकतो. कोणी बोट वर केलं नाही तर संघ त्याला एएचएलला, म्हणजे एनएचएलखालच्या लीगला, पाठवायला मोकळा. रीव्ह्जसाठी कोणी पुढे आलं नाही, तो टोरंटो मार्लीज या टोरंटोच्याच एएचएल संघाकडे गेला. दोन्ही संघ एकाच शहरातले, निदान बिऱ्हाड हलवायची वेळ आली नाही.

आता गणित. खेळाडू खाली पाठवला म्हणून त्याचा सगळा पगार कॅपमधून, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेतून, जात नाही. लीगचा किमान पगार अधिक ३,७५,००० डॉलर, एवढीच सूट मिळते. २०२४-२५ मध्ये किमान पगार ७,७५,०००, म्हणजे सूट ११.५ लाख. रीव्ह्जचे १३.५ वजा ११.५, उरले २ लाख, ते टोरंटोच्या कॅपवर तसेच राहिले. म्हणूनच या जातीच्या खेळाडूला हुशार मॅनेजर या सवलतीच्या आकड्याच्या आसपासच करार देतो. करार करतानाच तो एएचएलमध्ये पुरून टाकायची सोय बघून ठेवलेली असते. जुलै २०२५ मध्ये सॅन होजेने हेन्री थ्रन हा डिफेन्समन देऊन रीव्ह्जला घेतलं. सेलेब्रिनीसारखे कोवळे तारे असलेल्या संघाला अंगाने दांडगा, बोलका माणूस खोलीत हवा असतो.

बायआउट, म्हणजे पगाराचा काही भाग देऊन करार मोडणं, हा दुसरा रस्ता. २६ किंवा त्याहून मोठ्या खेळाडूला उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश, उरलेल्या मुदतीच्या दुप्पट काळात. एक वर्ष आणि १२ लाख उरले असतील तर ८ लाख, दोन वर्षांत चार-चार. डोनाल्ड ब्रॅशिअरचं शेवटचं प्रकरण यासाठी वाचा: २००९ मध्ये ३७ व्या वर्षी रेंजर्सशी दोन वर्षांचा करार, हंगाम अर्ध्यावर असताना रेंजर्सच्या एएचएल संघात, हार्टफर्डला रवानगी, २०१० च्या उन्हाळ्यात अटलांटाला ट्रेड आणि तिथून बायआउट. त्या वेळच्या नियमात पस्तिशीनंतरच्या अनेक वर्षांच्या कराराचा बोजा खेळाडू निवृत्त झाला तरी कॅपवर राहायचा, म्हणून अशा कराराला कोणी हात लावायला धजत नसे.

आणि एक गोष्ट बहुतेक लेखांत सुटते. "एएचएलला जाऊन अजून चार वर्षं खेळेल" हे बोलायला सोपं आहे. एएचएलमध्ये व्हेटरन नियम आहे. १८ स्केटरांपैकी १३ 'डेव्हलपमेंट' खेळाडू असावे लागतात: बाराजण २६० किंवा कमी व्यावसायिक सामने खेळलेले, एक ३२० पर्यंतचा. म्हणजे जुन्यांना जागा पाचच. त्या पाचांतली एक जागा सहा मिनिटं खेळणाऱ्याला का द्यायची? तिथे पॉवर प्ले (समोरचा संघ दंडामुळे एकाने कमी असतानाचा खेळ) चालवणारा तिशीचा सेंटर बसतो. वर २०१६-१७ पासून तिथे मारामाऱ्याही मोजतात. हंगामातल्या दहाव्या मारामारीपासून प्रत्येकीला एक सामना निलंबन, चौदावीपासून दोन. फेसऑफच्या आधी किंवा पक पडताक्षणी भिडलात तर थेट सामन्याबाहेर.

निळी_रेषा:

व्हेटरन नियमाची ही बाजू डोक्यातच आली नव्हती, हिशोबनीस. मी ब्रॅशिअरच्या मारामाऱ्या मोजत बसलो होतो. हाताचं आणि डोक्याचं कोणी सांगेल का?

अस्थी_सांधे:

हात. मुठीने कपाळ किंवा हेल्मेट मारलं की बहुधा करंगळीमागचं तळहाताचं हाड मानेशी मोडतं. करंगळीचा उंचवटा आत दबतो, मूठ वळली की तिथे खड्डा दिसतो. वारंवार मोडलेल्या हातात ते हाड तळव्याकडे वाकून जुळतं आणि स्टिक धरताना तळव्यात गाठ टोचते. मधल्या बोटाच्या उंचवट्यावर कंडरा धरून ठेवणारी पट्टी फाटते, मग बोट वाकवलं की कंडरा बाजूला घसरते. मोठा सामना चार दिवसांवर असेल तर हे सगळं टेपखाली जातं.

त्याहून घातक म्हणजे दाताची जखम. हिच्याबद्दल नीट लिहा, कारण दिसायला ती फालतू असते. मुठीच्या उंचवट्यावर अर्ध्या सेंटिमीटरची चीर. दात लागला तेव्हा मूठ बंद होती. मूठ उघडली की कातडी आणि कंडरा मागे सरकतात. कातडीतलं भोक एकीकडे, सांध्यातलं दुसरीकडे, आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. उघड्या पंजावर बघणाऱ्याला वरची चीर तेवढी दिसते. म्हणून तपासणी मूठ वळायला लावूनच करायची. एक्स-रे काढायचा, दाताचा तुकडा आत असू शकतो. भरपूर सलाइनने धुवायचं, टाके घालून बंद करायचं नाही, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट चालू करायचं. एक दिवस दुर्लक्ष झालं तर सांधा पिकतो आणि ऑपरेशन करून तो उघडावा लागतो.

खांदा ठोसे मारणारा नाही, धरणारा आधी जातो. उजवखोर लढवय्या डाव्या हाताने समोरच्याची जर्सी धरतो. समोरचा पूर्ण वजनाने मागे ओढतो, हात लांब ताणलेला. खोबणीच्या काठाची कूर्चा फाटते. पस्तिशीत तो डावा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि पकड सैल म्हणजे समोरच्याचा ठोसा मोकळा येतो तो तोंडावर.

डोकं. इथे शब्द जपून वापरा. सीटीईचं, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, निदान मेंदूची ऊती तपासून, मृत्यूनंतरच होतं. जिवंत माणसाच्या चिडचिडीवरून ते ठरवता येत नाही. नोंदी अशा: एनएचएलमधलं पहिलं निदान रेगी फ्लेमिंगचं, २००९. बॉब प्रॉबर्ट जुलै २०१० मध्ये ४५ व्या वर्षी हृदयविकाराने गेला, मेंदूत सीटीई आढळला. डेरेक बूगार्ड मे २०११ मध्ये २८ व्या वर्षी दारू आणि ऑक्सिकोडोन एकत्र झाल्याने गेला. त्याच्याही मेंदूत सापडला. बूगार्डची शेवटची मारामारी ९ डिसेंबर २०१० ची, ओटावात मॅट कार्कनरशी, रेंजर्सच्या चार वर्षांच्या ६५ लाख डॉलरच्या कराराचा तो पहिलाच हंगाम होता. तेव्हा गोळ्यांचा भाग फक्त म्हाताऱ्यांच्या खात्यावर लिहू नका. हात, खांदा, पाठ आणि झोप यांच्यासाठी वेगवेगळ्या डॉक्टरांकडून औषधं आली की कोणाच्याच कागदावर एकूण बेरीज नसते.

मार्च २०११ पासून मेंदूला मार बसल्याची शंका असलेल्या खेळाडूला बाकावरून उठवून शांत खोलीत डॉक्टरने तपासायचं असा नियम आला. त्याआधी बाकावरच विचारपूस करून काम भागवत. नव्या नियमाने म्हाताऱ्याचं वेगळंच अडलं: एकदा खोलीत गेला की आजच्या शिफ्टा गेल्या, आणि त्याच्या जागी उतरलेला बाविशीचा पोरगा चांगला खेळला तर पुढच्याही.

टाय_डाउन:

साहित्य आणि तंत्र.

जर्सीच्या मागच्या बाजूला आतून एक पट्टी शिवलेली असते, ती पँटच्या मागच्या लूपमधून घालून बंद करतात. हीच 'फाइट स्ट्रॅप'. बफेलोचा रॉब रे जर्सी आणि पॅड काढून मोकळा व्हायचा, समोरच्याला धरायला काहीच उरायचं नाही. म्हणून पट्टी सक्तीची झाली. पट्टी न लावता जर्सी निघाली तर सामन्याबाहेर. म्हाताऱ्याला ही पट्टी फायद्याची, कारण जर्सी डोक्यावरून ओढली गेली की हात आणि डोळे दोन्ही बांधले जातात. सामन्याआधी ती तीनदा ओढून बघणारे असतात, उगाच नाही.

२०१३-१४ पासून मारामारीआधी स्वतःचं हेल्मेट काढलं तर वर दोन मिनिटं. त्याच हंगामापासून २५ पेक्षा कमी सामने खेळलेल्या प्रत्येकाला व्हायझर सक्तीचा. परिणाम बघा: जुना माणूस उघड्या तोंडाचा, नवा पोरगा प्लास्टिकच्या काचेमागे. जुन्याचा ठोसा काचेच्या कडेवर बसतो आणि बोटं फाटतात.

तंत्रात फरक पकडीचा. तरुण छातीजवळची किंवा कॉलरची जर्सी धरतो आणि मारत सुटतो. जुना समोरच्याच्या मारत्या हाताच्या कोपराजवळची बाही पकडतो. तिथे मुठीत कापड आलं की ठोशाला लांबी मिळत नाही. हनुवटी छातीला, कपाळ पुढे, म्हणजे बसलाच तर कवटीच्या जाड भागावर आणि त्याचाच हात मोडेल. मग अंतर मिटवून कवळ घालायची. दोघं असे अडकले, किंवा एकजण खाली गेला, की लाइन्समन (रेफरीचे सहायक) मध्ये घुसतात. तीस सेकंदांत सोडवणूक. प्रेक्षकांना वाटतं बरोबरी झाली. पस्तिशीच्या माणसाला हवी होती तीच.

धोका पडण्याचा आहे, ठोशाचा त्यामानाने कमी. १ ऑक्टोबर २०१३, माँट्रियल विरुद्ध टोरंटो, हंगामाचा पहिलाच दिवस. जॉर्ज पॅरोस आणि कोल्टन ऑर. ऑर तोल जाऊन खाली गेला, पॅरोस त्याच्या ओढीने पुढे झुकला आणि तोंडावर बर्फावर आपटला. स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्या पडण्यात ठोशाचा काही संबंध नव्हता.

स्केटचं थोडं. पात्याच्या तळाला धार लावताना मध्ये खोबण पाडतात, ती त्रिज्येने मोजतात. अर्धा इंच त्रिज्या ही खोल, बर्फात चावणारी. पाच अष्टमांश उथळ, घसरणारी. शंभर किलोच्या माणसाचं पातं वजनानेच रुततं, म्हणून जड खेळाडू सहसा उथळ घेतो, मांड्या कमी दमतात. पण उथळ खोबणीवर पाय रोवून लढता येत नाही, कडेला जोर दिला की पाय निसटतो. पाय थकले म्हणून उथळ केलं की मारामारीत सरकणार, रोवायला खोल केलं की तिसऱ्या पिरियडला मांड्या भरणार. शेवटच्या हंगामांत साहित्यवाल्याकडे खेपा वाढतात त्या यासाठी.

चौथी_फळी:

@टाय_डाउन, खोबणीचं झकास. एक भर: जुनं दुखणं बदलत्या हातावरून ओळखू येतं. जन्मभर उजव्याने मारणारा अचानक डाव्याने सुरुवात करायला लागला तर उजवा हात गेला असं समोरचा बाक समजून जातो.

बर्फाची_लादी:

इन्स्टिगेटर नियमाने एनफोर्सर संपवला असं वर कोणी म्हटलेलं नाही, पण लेखात ते येईल म्हणून आधीच अडवतो. नियम १९९२ चा. त्यानंतर डोमी २००६ पर्यंत खेळला, १,०२० सामने आणि ३,५१५ पेनल्टी मिनिटं. प्रॉबर्ट २००२ पर्यंत. नियमाने मारलं असतं तर हे दोघं कसे टिकले?

२००५ चं पॅकेज जास्त लागलं: ३.९ कोटी डॉलरची कॅप, दोन रेषा ओलांडणाऱ्या पासला मुभा, अडवाअडवीवर कडक शिट्टी. चौथ्या फळीलाही पळावं लागलं. तरी २००८-०९ मध्ये मारामाऱ्या सातशेच्या वर होत्याच, म्हणजे कॅपनेही एका रात्रीत काही झालं नाही. खरी ओहोटी २०११ नंतरची.

हिशोबनीस:

@बर्फाची_लादी, सहमत, पण कॅपचा परिणाम हळूच होतो. किमान पगारावरचा बाविशीचा पोरगा वेव्हरशिवाय वर-खाली करता येतो. जुन्याला प्रत्येक वेळी वेव्हरच्या खिडकीतून जावं लागतं. मॅनेजरला ही सोय सातव्या-आठव्या वर्षी कळते आणि मग सवय होते.

निळी_रेषा:

शेवटचा प्रश्न. लेखाला एकच प्रकरण निवडायचं झालं तर?

चौथी_फळी:

जॉन स्कॉट सगळे घेतील: चाहत्यांनी मतं देऊन या एनफोर्सरला २०१६ च्या ऑल-स्टारला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यांना, पाठवलं, मध्येच १५ जानेवारीला ॲरिझोनाने माँट्रियलला ट्रेड केलं, माँट्रियलने थेट सेंट जॉन्सला एएचएलमध्ये पाठवलं, तरी ३१ जानेवारीला नॅशव्हिलमध्ये तो कप्तान म्हणून उतरला, दोन गोल केले, एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला. करिअरच्या २८६ सामन्यांत त्याचे गोल पाच. गोड गोष्ट आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही.

मी मार्टी मॅकसोर्ली घेईन. २१ फेब्रुवारी २०००, व्हँकूव्हर. तो बोस्टनकडून, वय ३६. सुरुवातीलाच ब्रॅशिअरशी भिडला आणि हरला. मग सामनाभर दुसऱ्या फेरीसाठी त्याच्या मागे लागला. ब्रॅशिअरचा संघ पुढे, तो कशाला हो म्हणेल? वर मी होकाराबद्दल लिहिलंय ते इथे लावून बघा. तीन सेकंद उरली असताना मॅकसोर्लीने मागून येऊन स्टिक त्याच्या डोक्यावर मारली. ब्रॅशिअर पाठीवर पडला, डोकं बर्फावर आपटलं, झटके आले. हंगामाच्या उरलेल्या २३ सामन्यांचं निलंबन, पुढे ते वर्षाचं झालं, आणि व्हँकूव्हरच्या कोर्टात शस्त्राने हल्ला केल्याबद्दल दोषी. एनएचएलमध्ये पुन्हा उतरला नाही. पहिली मारामारी आणि शेवटची तीन सेकंद सलग बघू नका. मधला तासभर बघा, तो किती वेळा विचारतो आणि ब्रॅशिअर किती वेळा पाठ फिरवतो ते मोजत.

टाय_डाउन:

आणि लेखाच्या बाजूला पॅरोसवर एक चौकट द्या. प्रिन्स्टनचा पदवीधर, २०१७ पासून लीगच्या खेळाडू सुरक्षा विभागाचा प्रमुख. नोव्हेंबर २०२४ मध्ये रीव्ह्जने एडमंटनच्या डार्नेल नर्सच्या डोक्याला धडक दिली, तिचं पाच सामन्यांचं निलंबन पॅरोसच्याच खात्यातून निघालं.